घराण्याची चौकशी आणि लपवलेली गोळी

लग्नाच्या बोलण्यांत पगार, फ्लॅटचा हप्ता, गावाकडची जमीन यांची चौकशी उघड होते. "घरात कुणाला डोक्याचा काही त्रास नाही ना?" हा प्रश्न मात्र मध्यस्थामार्फत किंवा गावातल्या कुणा ओळखीच्याकडून आडून विचारला जातो. मामा काही महिने येरवड्याला होते, आत्याला बाळंतपणानंतर काहीतरी झाले होते, एवढे कानावर आले की स्थळ मोडते आणि कारण सांगितले जाते पत्रिकेचे. विचारणाऱ्याच्या मनात धास्ती एकच असते. हे रक्तातून पुढे येणार.

धास्ती निराधार नाही. बायपोलर (म्हणजे कधी उन्माद, कधी खोल नैराश्य असा आलटून पालटून येणारा आजार) आणि वारंवार येणारे तीव्र नैराश्य हे दोन्ही घराण्यांत चालतात, याबद्दल आता वाद उरलेला नाही. वाद आहे तो या माहितीचे आपण काय करतो याचा. डॉक्टरच्या टेबलावर ती सांगणे गरजेचे असते, तिथे आपण ती गिळून टाकतो. बोहल्यापाशी तिचा जवळजवळ काहीच उपयोग नसतो, तिथे हेर लावून ती काढून घेतो. या उलट्या व्यवहाराची किंमत शेवटी त्याच पुढच्या पिढीला मोजावी लागते, जिच्या काळजीपोटी चौकशी चालली होती असे सगळे म्हणतात.

आधी हिशेब पाहू. लंडनच्या संशोधकांनी २००३ साली जुळ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात बायपोलरच्या आनुवंशिकतेचा आकडा ८५ टक्के निघाला. तो वाचून कुणालाही वाटेल की बापाला आजार असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता शंभरात ८५. तसे मुळीच नाही. एखाद्या लोकसमूहात माणसामाणसांत या आजाराचा कल कमीजास्त असतो. त्या कमीजास्तपणापैकी किती भाग जनुकांतल्या फरकांमुळे आहे, एवढेच तो आकडा सांगतो. एका माणसाचे पुढे काय होईल हे त्यातून काढता येत नाही. त्याच अभ्यासातला दुसरा आकडा जास्त कामाचा आहे. हुबेहूब जुळ्यांपैकी एकाला बायपोलर असेल तर दुसऱ्यालाही असण्याचे प्रमाण ४० टक्के होते. जनुके तीच, घर तेच, बहुतेक वेळा शाळाही तीच, तरीही शंभरातल्या साठांना बायपोलर झाला नाही. साध्या जुळ्यांत हे प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास होते. अभ्यास लहान, ६७ जोड्यांचा होता. पण पुढच्याच वर्षी फिनलंडमधून आलेले आकडेही जवळपास असेच होते. नैराश्यात जनुकांचा वाटा आणखी कमी, ३७ टक्क्यांच्या आगेमागे धरला जातो.

लग्नाच्या चौकशीत खरा प्रश्न जुळ्यांचा नसून आईबापांचा असतो. त्याचे सर्वांत मोठे उत्तर डेन्मार्कमधून मिळते, कारण तिथे प्रत्येक नागरिकाच्या रुग्णालयातल्या नोंदी राष्ट्रीय पातळीवर जोडलेल्या असतात. सुमारे २७ लाख लोकांच्या नोंदी तपासून २०१० साली जे प्रसिद्ध झाले ते असे: आई आणि वडील दोघांनाही बायपोलर असेल तर मुलाला वयाच्या ५२ वर्षांपर्यंत तो होण्याचे प्रमाण २४.९ टक्के, एकालाच असेल तर ४.४ टक्के, दोघांनाही नसेल तर ०.४८ टक्के. हे फक्त रुग्णालयापर्यंत पोचलेले रुग्ण. मुलाखती घेऊन सौम्य प्रकारही मोजले की एका पालकाच्या बाबतीतला आकडा ५ ते १० टक्क्यांपर्यंत जातो. शिवाय अशा मुलांत नुसत्या नैराश्याचे प्रमाणही इतरांपेक्षा जास्त असते, तेही झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

आता हेच आकडे घेऊन स्थळे गाळून पाहा. समजा लग्नाची दहा हजार मुले-मुली आहेत आणि त्यांतल्या शंभरांच्या आईला किंवा वडिलांना बायपोलर आहे. डेन्मार्कचे प्रमाण लावले तर या शंभरांपैकी चार-पाच जणांना आजार होईल. उरलेल्या नऊ हजार नऊशेंपैकी? ०.४८ टक्क्यांनी सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस. म्हणजे घराणे पाहून शंभर स्थळे नाकारली, तर त्यांतली पंच्याण्णवच्या वर उगाच नाकारली आणि आजारी पडणाऱ्यांतले दहापैकी नऊ तरी 'स्वच्छ' घराण्यांतून आलेच. चाळणीने सगळा तांदूळ गाळावा आणि खडे मात्र भातात यावेत, अशातली ही गत. मामा किंवा आजोबा आजारी असतील तर नाते एका पायरीने लांब जाते आणि धोका आणखी उतरतो.

त्यात वयाचाही मुद्दा आहे, जो चौकशी करणाऱ्यांच्या कधी ध्यानात येत नाही. बायपोलरची सुरुवात बहुतेकांत पंधरा ते पंचविशीच्या दरम्यान होते. अठ्ठावीस-तिशीच्या मुलीला आजवर एकही झटका आलेला नसेल, तर आई आजारी असली तरी त्या मुलीच्या धोक्याचा मोठा भाग मागे पडलेला असतो. नैराश्याला हा नियम तितका लागू नाही, ते पुढेही येते. पण ते ज्याच्या घरात कुणालाच नाही असे मोठे कुटुंब महाराष्ट्रात शोधून दाखवावे.

जनुकांचा विचार लग्नाआधी करूच नये, असे मात्र मुळीच म्हणायचे नाही. नंदुरबार, गडचिरोली, विदर्भातल्या अनेक तालुक्यांत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे वाहक (स्वतः आजारी नसलेले, पण सदोष जनुक बाळगणारे) भरपूर आहेत. तिथे एकाच जनुकाचा प्रश्न आहे. नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. रक्ताच्या साध्या तपासणीने वाहक कोण ते नक्की कळते. थॅलसेमियाचेही असेच. ही तपासणी लग्नाआधी व्हायला हवी आणि नेमकी हीच आपण टाळतो. एकनाड आली तर संततीला दोष म्हणून बोलणी थांबवणारे लोक सिकलसेलचे कार्ड मागत नाहीत आणि मामाच्या उन्मादावर मात्र महिनाभर कुजबुजतात. एका जनुकाच्या आजाराचे गणित शेकडो जनुकांच्या आजाराला लावले की असा घोटाळा होतो.

शेकडो म्हणजे किती, याचाही अंदाज आता येतो आहे. २०२५ च्या सुरुवातीला प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासात बायपोलरचे १ लाख ५८ हजार रुग्ण होते आणि आजाराशी संबंध असलेल्या २९८ जागा जनुकसंचात सापडल्या. प्रत्येक जागेचा परिणाम चिमूटभर. त्यांतली बरीच रूपे तुमच्या-माझ्यात, प्रत्येकात, आहेत. उंची जशी एका जनुकाने ठरत नाही तसाच हा कल. म्हणून 'या घराण्यात ते जनुक आहे, त्या घराण्यात नाही' हे वाक्यच चुकीचे ठरते.

मुळात या क्षेत्रात 'सापडले' असे म्हणण्याची घाई अनेकदा झाली आहे आणि दर वेळी ती अंगाशी आली. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या आमिश समाजाच्या एका मोठ्या कुटुंबात बायपोलरचे जनुक अकराव्या गुणसूत्रावर असल्याचे १९८७ मध्ये जाहीर झाले. दोनच वर्षांत त्या कुटुंबातले आधी निरोगी धरलेले दोघे आजारी पडले, वंशवृक्षाची आणखी एक फांदी तपासली गेली आणि तो निष्कर्ष कोसळला. २००३ मध्ये न्यूझीलंडच्या डुनेडिन शहरातल्या ८४७ जणांच्या अभ्यासावरून मेंदूतल्या सिरोटोनिन या रसायनाशी संबंधित एका जनुकाचा आखूड प्रकार आणि आयुष्यातले आघात मिळून नैराश्य आणतात असे ठरले. ते जनुक पाठ्यपुस्तकांत शिरले. २००९ चे एकत्रित विश्लेषण आणि २०१९ चा फार मोठा अभ्यास, दोन्हींत त्या जनुकाला आधार मिळाला नाही. विज्ञान असेच चालते, त्यात लाजण्यासारखे काही नाही. लाजिरवाणे आहे ते जर्मनीतले. तिथला मनोविकारतज्ज्ञ एर्न्स्ट रुडिन याने १९२० च्या दशकात उन्माद-नैराश्याच्या वारशाचा मोठा अभ्यास केला. आकडे मेंडेलच्या, म्हणजे एका जनुकाच्या वारशाच्या, नियमात बसेनात, तेव्हा तो त्याने प्रसिद्धच केला नाही. आणि १९३३ च्या सक्तीच्या नसबंदी कायद्यात, ज्याचे भाष्य लिहिण्यात हाच रुडिन होता, उन्माद-नैराश्य हा आजार यादीत घातला गेला. त्या कायद्याखाली सुमारे चार लाख लोकांची नसबंदी झाली. पुरावा हातात नसताना, किंबहुना विरुद्ध पुरावा हातात असताना.

आता घराण्याच्या इतिहासाचा खरा उपयोग कुठे आहे तिकडे येऊ. एकविसाव्या वर्षीचा मुलगा, महिनाभर कॉलेजला जात नाही, दिवसभर झोपून असतो, जेवण सुटले आहे. घरचे नेहमीच्या डॉक्टरांकडे नेतात, नैराश्याची गोळी सुरू होते. बायपोलरच्या निम्म्याहून अधिक रुग्णांत पहिला झटका नैराश्याचाच असतो, आणि तो वरून पाहता साध्या नैराश्यापेक्षा वेगळा दिसत नाही. अशा मुलाला नुसती नैराश्याची गोळी दिली तर काहींमध्ये काही आठवड्यांत पारडे दुसऱ्या टोकाला जाते. रात्री तीन तास झोप, तरी थकवा नाही. बोलणे थांबत नाही. उधारीवर खरेदी, अचानक नवा धंदा. त्याच्या वडिलांना किंवा सख्ख्या काकाला बायपोलर होता एवढे एक वाक्य पहिल्या दिवशी कळले असते, तर डॉक्टरांनी उन्मादाची जुनी लक्षणे खोदून विचारली असती, गोळी निवडताना हात आखडता घेतला असता, पहिल्या पंधरवड्यात पुन्हा बोलावले असते. इथे ४.४ टक्क्यांचा हिशेब चालत नाही. हा मुलगा आधीच आजारी आहे. प्रश्न कोणता आजार, एवढाच आहे, आणि घराण्याचा इतिहास नेमका तिथे तराजू झुकवतो.

पण हे वाक्य सहजासहजी निघत नाही. "घरात कुणाला मानसिक आजार?" असे विचारले की उत्तर ठरलेले असते: नाही. म्हणून विचारायची पद्धत वेगळी हवी. कागदावर तीन पिढ्या काढायच्या, पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, आणि एकेका माणसाबद्दल साधे विचारायचे. कुणी काही दिवस झोपेविना राहून खूप बोलत, खर्च करत सुटायचे का? कुणाला शॉक दिले होते का? कुणी घर सोडून गेले आणि परतले नाही? तरुणपणी अचानक कोण गेले, आणि त्याबद्दल घरात बोलणे का टाळतात? बाळंतपणानंतरच्या पहिल्या पंधरा दिवसांत कुणाचे भान हरपले होते? कुणाला 'बाहेरचे' झाले म्हणून कुठल्या देवस्थानी नेऊन ठेवले होते? दारूमुळे कोण वाया गेले, आणि दारूच्या आधी तो कसा होता? लिथियमची (बायपोलरमध्ये मनाचा तोल राखणारी) गोळी कुणाला होती, तिने किती वर्षे ठीक राहिले? प्रत्येक 'हो'पुढे त्या वेळचे वय लिहायचे. 'अंगात येणे' म्हणजे बायपोलर असे समीकरण अर्थातच नाही. पण वर्षातून ठरावीक काळात, आठवडाभर झोप न येता जे अंगात येते त्याची नोंद करावी. हे सगळे वीस मिनिटांचे काम आहे. माहिती बहुतेक वेळा आजीकडे किंवा मोठ्या आत्याकडे असते. आई-वडिलांना पुष्कळदा स्वतःच्याच घरातले सांगितलेले नसते.

लिथियमचा प्रश्न विचारायचे कारण असे की लिथियम लागू पडणे हेही काही अंशी घराण्यात चालते. वडिलांना ते उत्तम लागू पडले असेल तर मुलाच्या बाबतीत डॉक्टर ते आधी विचारात घेतात. मात्र मात्रा वारशाने येत नाही. वडिलांची उरलेली पट्टी मुलाला देणे हा आपल्या घरांतला काटकसरीचा प्रकार इथे धोक्याचा आहे. लिथियममध्ये उपयोगी पातळी आणि विषारी पातळी यांत अंतर फार थोडे असते. रक्तात दर लिटरला साधारण ०.६ ते ०.८ मिलिमोल ठेवायचे, १.५ च्या वर विषबाधा. सुरू करण्याआधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि थायरॉइड तपासायचे, मात्रा बदलल्यावर पाच ते सात दिवसांनी पातळी पाहायची, आणि रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचे. सकाळची गोळी घेऊन मग लॅबमध्ये जाणारे पुष्कळ असतात, त्यांचा आकडा खोटा चढलेला येतो. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारखी दुखण्यावरची औषधे, रक्तदाबाच्या काही गोळ्या, जुलाब आणि पाणी न पिता केलेला उपवास, यांनी तो खरोखर चढतो.

आणि इथून लपवाछपवीची गोष्ट सुरू होते. बायपोलर असलेली, औषधांवर चार वर्षे व्यवस्थित नोकरी करणारी मुलगी. स्थळ मोडेल म्हणून आजार सांगितलेला नाही. पुढे दोनच वाटा राहतात. पहिली, लग्नाआधी गोळी बंद करणे. लिथियम एकाएकी सोडले की पहिल्या काही महिन्यांत उन्माद उलटण्याचा धोका झपाट्याने वाढतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत हळद, जागरणे, गोंधळ, प्रवास, नवे घर. झोप तुटणे हे उन्मादाचे सर्वांत ओळखीचे निमित्त आहे. लग्नानंतर महिन्या-दोन महिन्यांत सून 'वेड्यासारखी वागते' आणि प्रकरण माहेर-सासरच्या भांडणावरून वकिलापर्यंत जाते, यातल्या कित्येक प्रकरणांचे मूळ या बंद केलेल्या गोळीत असते.

दुसरी वाट, गोळी पर्समध्ये लपवून चालू ठेवणे. मग रक्ततपासणी होत नाही, सासूबाईंनी हरतालिकेला निर्जळी धरायला सांगितली तर नाही म्हणता येत नाही, पाठ दुखते म्हणून दिलेली वेदनाशामक गोळी मुकाट्याने घेतली जाते. आणि गोळी व्हॅल्प्रोएट, म्हणजे बायपोलरवरचेच दुसरे एक औषध, असेल तर याहून मोठा धोका आहे. गरोदरपणात व्हॅल्प्रोएट चालू राहिले तर सुमारे दहापैकी एका बाळात जन्मजात व्यंग येते, आणि ३० ते ४० टक्के मुलांच्या बौद्धिक वाढीत, बोलण्यात, शिकण्यात अडचणी दिसतात. बाळाच्या मणक्याची नळी गर्भधारणेपासून २८ दिवसांच्या आत मिटते, म्हणजे पाळी चुकल्याचे नीट कळायच्या सुमारास ते काम होऊनही गेलेले असते. फॉलिक ॲसिडची जास्त मात्रा घेतली तरी हा धोका जात नाही. म्हणून मूल होण्याच्या वयातल्या स्त्रीला हे औषध शक्यतो देऊ नये असा संकेत आहे, आणि युरोपात २०१८ पासून त्यावर कडक बंधने आहेत. बदल करायचा तो मूल ठरवण्याच्या काही महिने आधी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू. ते सगळे उघड असेल तरच शक्य आहे.

दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. आईला बायपोलर आहे म्हणून बाळाला पुढे तो होण्याचा धोका ४.४, फार तर १० टक्के, तोही वीस वर्षांनी, आणि उपचार होऊ शकणारा. आईने भीतीपोटी लपवून चालू ठेवलेल्या व्हॅल्प्रोएटमुळे बाळाच्या वाढीत अडचणी येण्याचा धोका ३० ते ४० टक्के, आणि तो परतवता न येणारा. आनुवंशिकतेच्या धास्तीने आपण जी गुप्तता लादली तिने आनुवंशिकतेपेक्षा कितीतरी मोठे संकट त्याच बाळावर आणले. या एका कारणासाठी तरी ती चौकशीची रीत सोडायला हवी.

बाळंतपणानंतरचे दिवस तर सर्वांत नाजूक. सर्वसाधारण बायकांत प्रसूतीनंतर तीव्र मनोविकार होण्याचे प्रमाण हजारात एक-दोन असते. बायपोलर असलेल्या स्त्रीत साधारण पाचात एक. ब्रिटनमधल्या २००१ च्या एका अभ्यासात असे दिसले की बायपोलर असलेल्या आणि जिच्या सख्ख्या नात्यात कुणाला प्रसूतीनंतर असा आजार झाला होता अशा मातांत हे प्रमाण ७४ टक्के होते, तसे नाते नसलेल्यांत ३० टक्के. घराण्याच्या इतिहासाचा इतका थेट उपयोग मनोविकारशास्त्रात क्वचितच कुठे असेल. आणि आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी. म्हणजे नऊ महिने पाहणारे डॉक्टर एका शहरात, प्रसूती दुसऱ्या गावात, आणि मनोविकारतज्ज्ञांचा कागद आईच्या कपाटात. लिथियम चालू असेल तर गरोदरपणात मूत्रपिंडे जास्त गाळतात आणि पातळी उतरते, म्हणून दर चार आठवड्यांनी आणि छत्तिसाव्या आठवड्यापासून दर आठवड्याला ती पाहावी लागते. प्रसूती होताच मात्रा पुन्हा बदलावी लागते. पहिल्या दोन आठवड्यांत रात्री बाळाला दुसऱ्या कुणी सांभाळून आईला सलग पाच-सहा तास झोप मिळवून देणे हाही औषधोपचाराचाच भाग आहे. माहेरची मंडळी ते आनंदाने करतील, पण त्यांना कुणी सांगितलेले असले तर.

"मग काय, सगळ्यांनी सगळे सांगत सुटायचे?" नाही. इथे एक रेघ आखावी लागते. स्वतःला निदान झालेला आजार, चालू असलेले उपचार, हे ज्याच्याशी लग्न करायचे त्या व्यक्तीला साखरपुड्याआधी सांगावे. मध्यस्थाला नव्हे, वरपक्षाच्या बैठकीत नव्हे, त्या एका माणसाला. शक्य असेल तर त्याला डॉक्टरांकडे बरोबर न्यावे. कायदाही साधारण हेच मागतो. हिंदू विवाह कायद्याच्या बाराव्या कलमात महत्त्वाची वस्तुस्थिती लपवून मिळवलेली संमती हे विवाह रद्द करण्याचे कारण ठरू शकते. समोरच्याने विचारायचे प्रश्नही ठरलेले आहेत: शेवटचा झटका कधी आला, औषध कोणते, किती वर्षे नियमित, सुरुवातीची लक्षणे काय, ती दिसली तर कुणाला फोन करायचा. औषध घेऊन पाच वर्षे स्थिर असलेला माणूस आणि निदान नाकारत दर वर्षी रुग्णालयात जाणारा माणूस यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे आणि ते अंतर कोणत्याही जनुकाहून संसारासाठी जास्त महत्त्वाचे आहे.

मामाचा आजार मात्र मामाचा. तो सांगण्याचे बंधन भाचीवर नाही, आणि विचारण्याचा हक्क कुणाला नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या २३ व्या कलमाने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. गावातल्या ओळखीच्या कंपाउंडरकडून किंवा वॉर्डबॉयकडून 'जरा बघून सांगा' म्हणून काढलेली माहिती हा त्या हक्काचा भंग आहे, हे मुलीच्या बापाच्या काळजीने बदलत नाही. आणि ही भीती लोकांना उपचारापासूनच दूर ठेवते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बायपोलर असलेल्यांपैकी ७०.४ टक्के लोक उपचारांबाहेर होते. (त्या सर्वेक्षणाच्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. आपण वेगळे असू असे मानायला काही आधार मला दिसत नाही.) केसपेपर झाला की नाव लागले, ही समजूत उपचार टाळण्याचे एक मोठे कारण आहे.

राहिला चाचण्यांचा बाजार. लाळेची नळी पोस्टाने पाठवा, नैराश्याचा धोका सांगतो, अशा जाहिराती आता आपल्याकडेही दिसतात. २०२१ मधल्या मोठ्या अभ्यासात बायपोलरचा बहुजनुकीय गुणांक (म्हणजे अनेक जनुकीय फरकांचे चिमूटभर परिणाम एकत्र मिळवून काढलेला आकडा) युरोपीय वंशाच्या लोकांत या आजाराच्या कलातला जेमतेम साडेचार टक्के फरक समजावू शकला. इतर वंशांत त्याहूनही कमी, कारण मूळ माहितीच बहुतांशी युरोपीयांची. यावर पाच हजार रुपये घालवण्यापेक्षा आजीशी वीस मिनिटे बोलावे. अमेरिकेत गुणांकावरून भ्रूण निवडून देणारेही आहेत. युरोपच्या मानवी जनुकशास्त्र संस्थेने २०२१ मध्येच ही पद्धत असिद्ध आणि अनैतिक ठरवली. आपल्याकडे तो रस्ता कायद्याने बराचसा बंद आहे, आणि गर्भनिदानाला लगाम घालणारा देशातला पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्रानेच केला होता, हे विसरू नये. उपयोगी अशी एक जनुकीय तपासणी आहे खरी, पण ती आजाराची नसून औषधाची आहे: कार्बामाझेपिन हे बायपोलरमध्येही वापरले जाणारे औषध सुरू करण्याआधी एचएलए-बी १५:०२ हा जनुकाचा प्रकार पाहणे. आशियाई वंशाच्या काही लोकांत तो असतो आणि त्यांना या औषधाने त्वचेची जीवघेणी प्रतिक्रिया येऊ शकते. विम्यातही मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने धरावे असे २०१७ च्या कायद्याचे २१ वे कलम सांगते. पण नातेवाइकांच्या आजारावरून किंवा जनुकांवरून भेदभाव करू नये असे सांगणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. अमेरिकेने २००८ मध्ये केला, तोही आयुर्विम्याला लागू नसलेला, अर्धामुर्धा.

आपल्या विवाह कायद्यात तर उलट दिशेचे शब्द बसलेले आहेत. हिंदू विवाह कायद्याच्या पाचव्या कलमात १९७६ च्या दुरुस्तीने अशी अट आली की वधू किंवा वराला विवाहास आणि अपत्योत्पादनास अयोग्य ठरावे इतका मनोविकार नसावा. विवाहास अयोग्य, म्हणजे संमती किंवा सहजीवन शक्य नसणे, हे समजू शकते. न्यायालये तीव्रता पाहूनच निर्णय देतात. अपत्योत्पादनास अयोग्य कोण, हे मात्र कोणत्या शास्त्राने ठरवायचे? ४.४ टक्क्यांवर अयोग्य, की २४.९ वर? मधुमेह, हृदयविकार घराण्यांत चालतात, त्यांच्याविषयी कायदा एक शब्द बोलत नाही. याच कलमात पूर्वी अपस्मार, म्हणजे फिट्सचा आजारही होता. तो आनुवंशिक आणि असाध्य असल्याच्या समजुतीला आधार नाही हे पटल्यावर १९९९ मध्ये संसदेने एक छोटी दुरुस्ती करून तो शब्द हिंदू विवाह कायदा आणि विशेष विवाह कायदा, दोन्हींतून काढून टाकला. अपत्योत्पादनाचे शब्द काढायलाही तेवढीच दुरुस्ती लागेल, आणि विवाह रद्द करण्याच्या ज्या खऱ्या तरतुदी आहेत, फसवणुकीच्या आणि संमतीच्या, त्यांना त्याने धक्का लागणार नाही.